गाजराची कसरत

माथेरानला माझ्या वाट्याला आलेल्या घोडीची मान डावीकडे वळेना. "आखडलीय, साहेब. घरचे म्हणतात, विकून टाक," घोडेवाला म्हणाला. सूज नव्हती, लंगडणेही नव्हते; नाहीतर पशुवैद्यच गाठायला हवा. त्याने तिला दहा मिनिटे फिरवून अंग मोकळे केले आणि गाजर खांद्यावरून बरगडीकडे नेले. घोडी आपणहून मान वळवी; पाच अंक मोजून तो गाजर देई. मदत म्हणून मी लगाम ओढला, तर ती ताठरली! "ओढू नका, येऊ द्या तिला." खोगीर कसल्यावर पुढचा पाय गुडघ्यामागे धरून हळूच पुढे घेतला, की तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते, हेही त्याने दाखवले. मी पायीच निघालो. दुसऱ्या दिवशी गाजरे माझ्या पिशवीत होती.