अठराचा पोट्टा

कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती हमरस्त्यावर. ट्रक थांबतात, एस्ट्या थांबतात. घरी मार खाल्लेला उपाशी पोट्टा त्यात चढतो. पुढं बडनेरा, रेल्वे, मुंबईचा फलाट. मी गोदीत हमाल. गोदीच्या भिंतीलगत असले पोट्टे झोपतात.

‘सलाम बॉम्बे’ सिनेमातल्या रस्त्यावरच्या पोरांमुळं १९८८ साली सलाम बालक ट्रस्ट निघाला. १९९६ साली मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेतून चाइल्डलाइन, नंबर १०९८. ह्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. रात्री फलाटावर पोरापाशी बसणाऱ्याला क्रांतीचे डोस पाजणं हा शुद्ध चावटपणा.

पण पोट्टा अठराचा झाला की कायद्यानं ‘बालक’ उरत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरची मदत आहे, पण बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला. फलाटावरच अठराचा झाला त्याचं काय? त्याच्यासाठी १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा! पोटापाण्याचं साधन दिसत नाही, नुसता भटकतोय, म्हणजे भिकारी. पोलीस बिनवॉरंट उचलतात. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली हायकोर्टानं २०१८ साली दिल्लीपुरती ही कलमं मोडीत काढली. महाराष्ट्रात ती जिवंत आहेत. आपले आमदार झोपलेत काय?

कायदा रद्द करा, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. आणि संस्थांनाही विचारू : अठरानंतर रात्रीचा निवारा कुठाय? रेशनकार्ड कोण काढून देणार? जातीच्या दाखल्याला बापाचे कागद लागतात. बापच सुटला त्या पोट्ट्यानं ते आणायचे कुठून?