भिडे वाडा पडला, शाळा कधी भरणार?

दर ३ जानेवारीला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भिडे वाड्याचा फोटो फिरतो. आपण ‘जय भीम, जय सावित्री’ लिहून तो पुढे पाठवतो. तो वाडा आता उभा नाही, हे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोरच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सनातन्यांनी त्रास दिला, पैसा पुरेना; तरी १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात पुन्हा शाळा उघडली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. प्राथमिक शाळा काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणि वाड्याचे काय झाले? खाली दुकाने, वर पडझड. राष्ट्रीय स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे कोर्टात अडकली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात मोडकळीस आलेला वाडा पाडला गेला. स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. आपण पेढे वाटले.

पण मित्रांनो, त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने काय केले? सरकारी शाळा कंपन्यांना आणि दात्यांना ‘दत्तक’ देण्याची योजना आणली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याची तयारी सुरू केली. एका हाताने सावित्रीबाईंचे स्मारक आणि दुसऱ्या हाताने गरिबाच्या शाळेला टाळे! हा कोणता न्याय?

‘पट कमी आहे, शाळा परवडत नाही,’ असे म्हणतात. पट आपोआप घटत नाही. आधी शिक्षक कमी होतो, मग इमारत धोकादायक ठरते, मग मुले लांबच्या शाळेत पाठवतात. परळ-लालबागच्या चाळींत काम करताना मी हे पाहते. हमरस्त्यापलीकडे शाळा गेली की आई मुलाला कशीबशी पाठवते, मुलीला धाकट्या भावंडापाशी घरी बसवते. पट घटतो तो असा. आणि पहिली घरी बसते ती मुलगीच.

१८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, हे त्यांनी इंग्रजांना तोंडावर ऐकवले. बाबासाहेबांनी त्यांना गुरू मानले. २००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हक्क झाले. मग हक्काची शाळा कुणी दत्तक का घ्यावी? हक्काचे दान होत नसते.

दोष आपलाही आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आपण पै-पैने मागतो. वस्तीतल्या पालिका शाळेत किती शिक्षक आहेत, हे विचारत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची जागा कायद्याने दिली आहे. त्या बैठकीला आपल्यापैकी कोण जातो?

म्हणून दोन गोष्टी करू. भिडे वाड्याच्या जागेवर केवळ पुतळे आणि दालने नकोत, तिथे मुलींचा वर्ग रोज भरला पाहिजे, ही मागणी लावून धरू. आणि येत्या ३ जानेवारीला फोटो पाठवण्याआधी आपल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन पट, शिक्षक आणि इमारतीची अवस्था लिहून आणू.

सावित्रीबाईंनी शेण-चिखल झेलला तो शाळा भरावी म्हणून, स्मारकासाठी नव्हे.

जय भीम! जय जोती, जय सावित्री!