जोड्याचा घसारा

गेल्या श्रावणात चिखलदऱ्याची पायवाट उतरताना माझ्या उंची जोड्याचा तळ एकाएकी निखळला. बेसा येथील घरी कपाटात तो ६ वर्षे जपून ठेवला होता. वापर जेमतेम चार वेळा. तळाभोवती पंचा गुंडाळून, नातवाच्या खांद्याचा आधार घेत मी कसाबसा रस्त्याला लागलो.

चौकशीअंती कारण उमगले. अशा अनेक जोड्यांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतील दमटपणाने तो न वापरताही ठिसूळ होत जातो. यंत्र बंद असले तरी ताळेबंदात घसारा आकारावाच लागतो, तसेच हे. म्हणून प्रवासापूर्वी जोडा वाकवून पाहावा. तळास भेग दिसल्यास तो घरीच ठेवावा.

नवा जोडा सायंकाळी घ्यावा, कारण दिवसअखेर पाय किंचित फुगलेले असतात. जाड मोज्यांसह घालून पाहावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, अन्यथा उतारावर नखे दुखावतात. टाच मात्र आत सरकू नये.

चामडे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांनी जोड्यावरील चिन्हेही वाचावीत. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणीची म्हणजे कापड, शंकरपाळ्याची म्हणजे अन्य द्रव्य. वरचा भाग, अस्तर व तळ यांची चिन्हे स्वतंत्र असतात. वरून कापडी दिसणाऱ्या जोड्याचे अस्तर चामड्याचे असू शकते.

नवा जोडा मी आता पहाटेच्या फेरीलाही घालतो. तो झिजेल खरा. पण झीज डोळ्यांना दिसेल आणि ऐन वाटेत दगा होणार नाही.