जळालेला वाडा आणि आमची चाळ

परवा शनिवारी पुण्यातलं काम लवकर आटपलं, म्हटलं चला, शनिवारवाडा बघू. (शनिवारी शनिवारवाडा! आमचे जोक्स असेच.) दिल्ली दरवाजातून आत शिरलो आणि... संपलं. नुसती जोती, कारंजी आणि हिरवळ. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा १८२८ च्या आगीत गेला. "परत बांधायला काय जातं?" शेजारचे एक काका म्हणाले. क्षणभर मलाही पटलं.

मग कंपनीच्या कामासाठी गेलो होतो ते सोल आठवलं. तिथला ग्योंगबोकगुंग राजवाडा १५९२ मध्ये जळला, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला, जपानी राजवटीत पुन्हा बराचसा पाडला गेला. त्याचा मुख्य दरवाजा, ग्वांगह्वामुन, १९६८ मध्ये चक्क काँक्रीटचा बांधला. पुढे तो पाडून २०१० मध्ये मूळ जागी लाकडाचा उभा केला. जमलं, कारण जुने फोटो होते, खोदकामात पाया सापडला होता.

आपला वाडा जळला तेव्हा कॅमेरा कुठे होता? अंदाजाने बांधला तर तो वाडा नव्हे, सिनेमाचा सेट! त्यापेक्षा जोती बरी. खोटं तरी बोलत नाहीत.

आता मुद्दा. फणसवाडीतली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीये. माझा विरोध नाही, आजीला तीन जिने आता चढवत नाहीत. पण पाडण्याआधी लाकडी जिना, गॅलरी, कठडे मोजून फोटो काढून ठेवूया, असं मीटिंगमध्ये म्हटलं तर सगळे हसले. अरे, बॅकअप न घेता सर्व्हर फॉरमॅट करतं का कोणी?

असो. येत्या रविवारी मोजायला सुरुवात करतोय. टेपचं दुसरं टोक धरायला कोण येतंय?