प्लॅटिनमचा शोध कोणी लावला?

परवा नातवाची सामान्यज्ञानाची तयारी घेत होते. प्रश्न : प्लॅटिनमचा शोध कोणी लावला? उत्तर : आंतोनिओ दे उलोआ. मंडळी, असली उत्तरं मीही वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतली आहेत, तेव्हा हा राग थोडा माझ्यावरचाही आहे.

उलोआ म्हणजे स्पेनच्या आरमारातले अधिकारी, पुढे ॲडमिरल. १७३५ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर पृथ्वीचा आकार ठरवायला विषुववृत्तावर गेले. १७४८ च्या प्रवासग्रंथात त्यांनी या धातूची नोंद केली. नोंद, शोध नव्हे! आजच्या इक्वाडोर-कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतकं आधी त्याचे दागिने घडवत होते. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सिअस लागतात. (लक्षात ठेवायला सोपं : त्याच साली न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच वसाहतवाल्यांनी गव्हर्नर उलोआंना लुइझियानातून हाकललं.) तेवढी आच कुठून आणणार? म्हणून ते लोक प्लॅटिनमच्या कणांत सोन्याची पूड मिसळून तापवत. सोनं वितळून कणांना धरून ठेवी. मग ठोकायचं, पुन्हा तापवायचं. याला शोध म्हणायचं नाही तर कशाला?

उलोआंचं नाव घ्यायचंच तर दुसऱ्या एका कागदासाठी घ्या. त्यांनी आणि होर्हे हुआन यांनी राजाला एक गुप्त अहवाल दिला. स्पॅनिश अंमलदार गोरगरीब इंडियनांच्या गळ्यात नको तो माल वाटेल त्या भावाने कसा मारतात, विणकामाच्या कारखान्यांत त्यांना कसं राबवतात, पाद्रीसुद्धा कसे लुबाडतात, सगळं त्यात आहे. "निदान लिहिलं तरी," असं कोणी म्हणेल. लिहिलं, पण ते साम्राज्य नीट चालावं म्हणून. १७५८ मध्ये हेच गृहस्थ पेरूत वांकाव्हेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीवर गव्हर्नर झाले. तिथल्या लाचखोरांशी भांडले, हे मात्र मान्य करायला हवं.

अहवाल छापला गेला १८२६ मध्ये, तोही लंडनला! उलोआ जाऊन एकतीस वर्षं झाली होती आणि दक्षिण अमेरिका स्पेनच्या हातून गेली होती.

हे सगळं नातवाला सांगितलं आणि पेन्सिलीने उत्तर खोडायला लागले. त्याने पुस्तक ओढून घेतलं. म्हणाला, "अगं आजी, माझा मार्क जाईल ना!"