क्षयाविरुद्धची तटबंदी मुलाच्या ताटात उभी राहते

कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे राहूचे क्षेत्र. अभिषेकाचे दूध राहूच्या मूर्तीवरून ओघळताना निळे होते, या श्रद्धेने येथे दूरदूरचे भाविक येतात आणि ग्रहपीडा टळावी म्हणून प्रार्थना करतात. मुलांची एक खरीखुरी पीडा टाळू शकणारी गोष्ट मात्र तमिळनाडूतील सरकारी शाळांत रोज दुपारी घडते. तेथे मुलांना शिजवलेले जेवण मिळते आणि त्यासोबत उकडलेले अंडे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कावेरीच्या याच खोऱ्यातील तिरुक्कुवळै येथून सकाळच्या न्याहारीची योजनाही राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आली. या जेवणाकडे हजेरी वाढवण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. क्षयरोगाच्या प्रतिबंधाशी त्याचा संबंध क्वचितच जोडला जातो. तसे होण्यामागे एक इतिहास आहे.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. आजची चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेथे १९३ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना आरोग्यधामात, तर काहींना घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, राहणे दाटीवाटीचे होते. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले. या चाचणीने आरोग्यधामांचे युग संपवले आणि गरिबाला घरबसल्या उपचार मिळवून दिले. तिचे हे ऋण मोठेच आहे. पण तिच्यातून एक जास्तीचा अर्थही काढला गेला: औषध हाती असेल, तर अन्नाची चिंता नको. वास्तविक तिचा प्रश्न औषध घेणारा रुग्ण बरा होतो का, एवढाच होता. धडधाकट मूल आजारी का पडते, हे तिने विचारलेच नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर रोगप्रतिकारशक्तीत आहे. क्षयजंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण केवळ गिळल्याने तो मरत नाही. टी-पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश पाठवला, तरच मॅक्रोफेजची मारकशक्ती जागी होते. मग जंतूभोवती पेशींचे कडे उभे राहते आणि तो त्यात कोंडला जातो. म्हणूनच संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकजण आयुष्यभर आजारी पडत नाहीत. तीव्र कुपोषणात मात्र टी-पेशी जेथे घडतात ती थायमस ग्रंथीच आकसते. पेशी कमी पडतात, संदेश क्षीण होतो, कडे ढिले पडते. संसर्ग असूनही कुपोषित मुलाची ट्युबरक्युलिन त्वचाचाचणी कित्येकदा नकारात्मक येते, कारण त्वचेवर गाठ उठवण्याइतकाही प्रतिसाद शरीर देऊ शकत नाही. प्रथिनांची उपासमार केलेल्या गिनीपिगांमध्ये बीसीजी लसीचे संरक्षण घटल्याचे आणि पुन्हा पुरेसा आहार दिल्यावर ते सावरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. हानी खरी आहे, पण ती भरून काढता येते, हा त्यातला दिलासा.

माणसांमधला पुरावा झारखंडमधून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांच्या 'रेशन्स' चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील १०,३४५ माणसांचा मागोवा घेतला गेला. सर्व घरांतील रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या गटांत कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी होते. एखाद्या नव्या लशीने एवढे साधले असते, तर देशभर गाजावाजा झाला असता.

ही चाचणी रुग्णांच्या घरांत झाली, शाळांत नव्हे. तेव्हा शालेय जेवणाने क्षय इतक्या टक्क्यांनी घटेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तमिळनाडूही क्षयमुक्त नाही. उलट, २०२२ पासून तेथे निदान होताच रुग्णाचे कुपोषण, श्वसन आणि अशक्तपणा तपासून गंभीर रुग्णांना तातडीने दाखल केले जाते, कारण कुपोषित देह औषधाचा गुण येण्याआधीच कोसळू शकतो. परंतु प्रौढपणी वजनकाट्यावर उघडी पडणारी ही दुर्बलता अनेकदा बालपणापासून साचत आलेली असते.

महाराष्ट्राने येथे आरशात पाहायला हवे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील कमी वजनाची मुले तमिळनाडूत २२ टक्के, तर महाराष्ट्रात ३६.१ टक्के होती. शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवून खर्च लोकसहभागातून भागवावा, असे शाळांना सांगण्यात आले. दुसरीकडे, निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या नावे येतात. त्याच्या घरातील लेकरांचा शिधा निक्षय मित्रांच्या देणगीवर सोडलेला आहे.

बीसीजीची लस कोणी वर्गणी काढून देत नाही. ती देणे शासनाचे कर्तव्य आहे, यावर दुमत नाही. जी लस पेलायला पोसलेला देह लागतो, तिच्यासोबतचे अन्नही त्याच कर्तव्याचा भाग ठरायला हवे. शाळेतील अंडे आणि क्षयरुग्णाच्या घरातील मुलांचा शिधा या दोन्ही बाबी दानधर्माच्या खात्यातून काढून क्षयनिर्मूलनाच्या अंदाजपत्रकात नोंदवणे, हे त्याचे पहिले पाऊल ठरेल.