माहितीचा पाणवठा सर्वांना खुला हवा

एखाद्या गावाला संगणक मिळाला की फीत कापली जाते, फोटो निघतो आणि यंत्र कपाटात बंद होते. हा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे. म्हणून पुदुच्चेरीचे उदाहरण वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान या संस्थेने १९९८ साली तेथील खेड्यांत माहिती केंद्रे सुरू केली. मध्यवर्ती केंद्र विल्लियनूरला. इंटरनेटवरची माहिती तेथून बिनतारी यंत्रणेने गावोगाव जाई, तीही तमिळ भाषेत. केंद्र चालवीत गावातलेच स्वयंसेवक, त्यांत स्त्रियाही. वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावी अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज घेत आणि तो भोंग्यावरून ऐकवीत. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही होडी लोटावी की नाही ते कळे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा नल्लवाडू गावच्या एका तरुणाने सिंगापूरहून फोन करून सावध केले. केंद्राच्या भोंग्यावरून इशारा दिला गेला आणि अनेकांचे प्राण वाचले.

पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती संस्थेची अट. केंद्राला जागा गावाने द्यायची, आणि ती दलितांसह सर्वांना खुली हवी. १९२७ साली महाडला प्रश्न पाण्याचा होता. आज तोच प्रश्न माहितीचा आहे.

आज घरोघरी मोबाईल आहे, मग केंद्र कशाला, असे कोणी विचारील. आमच्या ओळखीच्या एका खेड्यातल्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन भरला. उत्पन्नाचा दाखला नीट जोडला गेला नाही, म्हणून तो परत आला. हे तिला कळले तेव्हा मुदत संपली होती. मोबाईल तिच्या हातात होता, विचारायला माणूस नव्हता. आमचा जन्म कारकुनीत गेला, म्हणून सांगतो, अर्ज बुद्धीमुळे कमी आणि एका कागदामुळे जास्त अडतात.

तेव्हा प्रत्येक वस्तीतील मंडळाने एवढे करावे. दर रविवारी विहारात दोन तास एका शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बसवावे. अर्जांच्या अखेरच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, भोंग्यावरून सांगाव्यात. जयंतीला भोंगा आपण लावतोच. तो वर्षभर उपयोगी पडू द्या.